आवृत्ती बदलली, मॉडेल तेच ठेवायचंय: एचईसी-एचएमएस वापरणाऱ्यांसाठी

आमच्या बडोद्याच्या ऑफिसात एक निवृत्त कार्यकारी अभियंता आठवड्यातून दोन दिवस येतात. सगळे त्यांना काका म्हणतात. आर्कमॅप हे नकाशाचं सॉफ्टवेअर आणि त्यावरचं जिओएचएमएस यांच्या जमान्यात त्यांनी शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं पाणलोट इतक्या वेळा आखलंय की कुठला ओढा कुठं मिळतो ते त्यांना नकाशाविना सांगता येतं. एचईसी-एचएमएसची नवी आवृत्ती टाकली त्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं माऊस फिरवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घर माझंच आहे रे, पण स्वयंपाकघर कुणी हलवलं?"

स्वयंपाकघर सापडतं. दोन दिवस चिडचिड होते, तिसऱ्या दिवशी हात आपोआप योग्य मेन्यूवर जातो. मला भीती वाटते ती डब्यांची. घाईत आवराआवर करताना मिठाच्या डब्यात साखर गेली की ते चव घेईपर्यंत कळत नाही. मॉडेलच्या बाबतीत तर चव घेणाराही कुणी नसतो. पडद्यावर छान आलेख येतो, त्यातला आकडा अहवालात जातो आणि पुढे पुलाची उंची त्यावर ठरते. म्हणून या लेखात बटणांपेक्षा जास्त जागा डब्यांना, म्हणजे मॉडेलमध्ये भरलेल्या आकड्यांना, दिली आहे.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर नुसतं ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: एचईसी-एचएमएस हे अमेरिकेच्या लष्करी अभियंता दलाच्या डेव्हिस, कॅलिफोर्निया इथल्या केंद्राचं पाणलोट-मॉडेल आहे. पाऊस किती पडला यावरून नदीत पाणी किती आणि केव्हा येईल, हे ते काढतं. १९९८ साली पहिली आवृत्ती आली, ४.० आली २०१३ मध्ये. फुकट मिळतं, त्यामुळे कॉलेजपासून सरकारी कचेरीपर्यंत सगळीकडे आहे. आपल्या कामाच्या दृष्टीनं मोठा बदल झाला २०२० च्या ४.४ मध्ये. तोवर पाणलोट आखायला आर्कमॅप आणि त्यावरचं जिओएचएमएस लागायचं. ४.४ पासून ते काम प्रोग्रामच्या आतच, जीआयएस नावाच्या मेन्यूत आलं. जे अजून ४.२ किंवा ४.३ वर आहेत आणि आता ४.१० च्या पुढे उडी मारणार आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

केव्हा बदलायचं

मृगाच्या आधी, नाहीतर दिवाळीनंतर. मधे नाही.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिमी पाऊस पडला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस काळाघोडा पुलाशी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि मगरी लोकांच्या अंगणात आल्या. अशा आठवड्यात फोन येतो तेव्हा समोरच्याला संध्याकाळपर्यंत आकडा हवा असतो. त्या दिवशी तुम्ही 'अहो, नवीन आवृत्तीत ते बटण कुठं आहे ते बघतोय' म्हणालात तर पुढच्या वर्षी फोन दुसऱ्याकडे जाईल. बदल करायला किमान दोन मोकळे आठवडे ठेवा. पहिल्यात तपासणी करा, दुसऱ्यात हात बसवा.

आधी प्रत, मग उत्सुकता

माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नाल्याचा प्रकल्प नव्या आवृत्तीत नुसता 'बघायला' म्हणून उघडला. जुन्या आवृत्तीतला प्रकल्प आहे, बदलू का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं, थोडं इकडंतिकडं पाहिलं आणि सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या जुन्या आवृत्तीत तो उघडेना. नव्यात सेव्ह केलेला प्रकल्प जुन्याकडे परत जात नाही. माझ्याकडची शेवटची चांगली प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघाली, आणि त्या तीन आठवड्यांतलं कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष पुराशी जुळवायचं काम, ज्यानं केलं होतं तो माझ्याशी दोन दिवस फक्त 'हं' आणि 'हो' एवढंच बोलला.

तेव्हा, प्रकल्पाचा पूर्ण फोल्डर कॉपी करा. एकटी डॉट एचएमएस फाइल उचलून भागत नाही. ती नुसती यादी आहे. खरा माल आजूबाजूच्या फाइलींत असतो: बेसिन (पाणलोट), मेट (मेटिरोलॉजिक मॉडेल, म्हणजे पावसाची मांडणी), कंट्रोल (वेळेची चौकट), गेज (मोजलेल्या नोंदी), रन (मॉडेलची एकेक फेरी) आणि पावसाचे-प्रवाहाचे आकडे ठेवणारी डीएसएस. प्रतीच्या नावात आवृत्ती आणि तारीख घाला, त्या फोल्डरला रीड-ओन्ली करा आणि झिप करून दुसऱ्या डिस्कवर टाका.

जुनी आवृत्ती काढून टाकू नका. दोन्ही एकाच संगणकावर सुखानं नांदतात, कारण प्रत्येक आवृत्तीचा फोल्डर वेगळा असतो. फक्त दोन्हींतून एकच फोल्डर उघडायचा नाही. आमच्याकडे डेस्कटॉपवर दोन आयकॉन आहेत, जुन्याच्या नावापुढे 'सासर' आणि नव्याच्या पुढे 'माहेर' असं कुणीतरी लिहून ठेवलंय. का, ते मी विचारलं नाही.

डीएसएसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. या फाइलींच्या ६ आणि ७ अशा दोन पिढ्या आहेत. सातवी पिढी जुन्या साधनांना वाचता येत नाही. तुमचा एखादा जुना मॅक्रो किंवा जुनं डीएसएसव्ह्यू (या फाइली उघडून बघायचं साधन) हे आकडे पुढे कुठं ओढत असेल, तर ते आधी तपासा. आणि डीएसएसव्ह्यूमध्ये फाइल उघडी ठेवून तिकडे रन चालवू नका.

साक्षीदार रन

हा भाग सावकाश वाचा. नवी आवृत्ती उघडण्याआधी, जुन्यातच, एक घटना निवडा. ज्याचा निकाल तुम्हाला पाठ आहे आणि जो अहवालात छापून गेलाय असा एक पूर. तो रन जुन्यात पुन्हा चालवा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: सर्वांत खालच्या बिंदूवरचा कमाल प्रवाह, तो केव्हा आला ती वेळ आणि एकूण पाणी. मग वरच्या दोन-तीन उपपाणलोटांचेही हेच तीन आकडे. हा तुमचा साक्षीदार. नव्या आवृत्तीत तोच रन, एकाही गोष्टीला हात न लावता, चालवायचा आणि आकडे शेजारी मांडायचे.

तिसऱ्या दशांशात फरक आला तर सोडून द्या. कमाल प्रवाह दोन-चार टक्के हलला तर थांबा आणि कारण शोधा. एकूण पाणी हलणं जास्त गंभीर, कारण त्याचा अर्थ पाऊस किंवा मुरणं यांपैकी एकाचा हिशेब बदललाय. नुसती वेळ सरकली असेल तर बहुतेकदा वेळेचा टप्पा (मॉडेल किती मिनिटांनी हिशेब करतं) किंवा पावसाच्या नोंदीवरचा वेळेचा शिक्का जबाबदार असतो.

खरा प्रकल्प साक्षीला घेतला तरी त्यात इतक्या गोष्टी असतात की गडबड कुठं आहे ते चटकन कळत नाही. म्हणून सोबत एक खेळण्यातला प्रकल्पही करा. नव्या आवृत्तीचा हात बसवायलाही याहून चांगलं काही नाही, आणि अर्ध्या तासात होतो.

एकच उपपाणलोट घ्या, क्षेत्रफळ १० चौरस किलोमीटर. मुरण्यासाठी एससीएस कर्व्ह नंबर (जितका मोठा, तितकं पाणी कमी मुरतं), आकडा ८०, पाणी अजिबात न मुरणारं क्षेत्र शून्य. प्रवाहासाठी एससीएस युनिट हायड्रोग्राफ (वाहणाऱ्या पावसाचा प्रवाह-आलेख करायची पद्धत), लॅग, म्हणजे पावसानंतर शिखर यायला लागणारा वेळ, ६० मिनिटं. बेसफ्लो, म्हणजे नदीत आधीपासून वाहणारं पाणी, नाही. पाऊस चार तास, दर तासाला २५ मिमी. वेळेचा टप्पा १५ मिनिटं, रन चोवीस तासांचा.

आता हे हातानं काढू. जमिनीची साठवण क्षमता म्हणजे २५४०० भागिले ८०, वजा २५४, म्हणजे ६३.५ मिमी. सुरुवातीचं शोषण त्याच्या ०.२ पट, १२.७ मिमी. शंभरातून १२.७ गेले की उरतात ८७.३. त्याचा वर्ग भागिले ८७.३ अधिक ६३.५. उत्तर ५०.५ मिमी. दहा चौरस किलोमीटरवर ५०.५ मिमी म्हणजे ५ लाख ५ हजार घनमीटर. रन संपल्यावर रिझल्ट्स टॅबमधली ग्लोबल समरी उघडा. आकारमानाच्या रकान्यात ५०.५ मिमी किंवा हजार घनमीटरात ५०५ च्या जवळचा आकडा दिसला पाहिजे.

आणि ३०.९ दिसला तर? हसा, कारण तुम्ही एक नेहमीचा खड्डा फुकटात पाहिलात. पावसाच्या नोंदीचा शिक्का हा त्या तासाच्या शेवटचा असतो. रन ००:०० ला सुरू होणार असेल तर पहिले २५ मिमी ०१:०० समोर लिहायचे. ते ००:०० समोर लिहिले तर तो पाऊस आधीच्या तासाचा समजला जातो आणि हिशेबात येतच नाही. मग पाऊस उरतो ७५ मिमी, आणि ७५ चं उत्तर बरोबर ३०.९ येतं. आपल्याकडे हे विशेष जपायचं, कारण हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजलेला, म्हणजे आदल्या साडेआठपासूनचा असतो. तो मध्यरात्र ते मध्यरात्र समजून कोंबला की पूर पंधरा-सोळा तास सरकतो. मग 'मॉडेल चुकतंय' म्हणून लॅगशी झटापट सुरू होते.

पडद्यावर काय हललं

खरं तर चौकट तीच आहे. डावीकडे वर वॉटरशेड एक्सप्लोरर, त्याच्या तळाला कंपोनंट्स, कंप्यूट, रिझल्ट्स हे तीन टॅब. त्याखाली कंपोनंट एडिटर. उजवीकडे नकाशाची मोकळी जागा आणि सगळ्यांत खाली मेसेज लॉग. जुन्या माणसानं आधी एवढं डोळ्यांनी तपासावं, म्हणजे धीर येतो.

नवं बेसिन मॉडेल करायला काका 'बेसिन मॉडेल मॅनेजर' शोधत होते. मॅनेजर आहेतच, पण आता कंपोनंट्स मेन्यूत क्रिएट कंपोनंट अशी वाट सरळ आहे. टेरेन डेटा, मेटिरोलॉजिक मॉडेल, टाइम-सिरीज गेज हे सगळं तिथंच. रनही तसाच, कंप्यूट मेन्यूत क्रिएट कंप्यूट.

पॅरामीटर्स मेन्यू करडा दिसतोय, काहीच दाबता येत नाही, ही तक्रार मला महिन्यातून एकदा ऐकू येते. उपाय साधा: एक्सप्लोररमध्ये बेसिन मॉडेलवर क्लिक करा, नकाशा उघडू द्या, मग तो मेन्यू जागा होतो. जीआयएस मेन्यूचंही तेच. जुन्या आवृत्तीत तुम्ही प्रत्येक उपपाणलोटावर जाऊन कर्व्ह नंबर टंकत असाल, तर आता तरी ती सवय सोडा. पॅरामीटर्समध्ये लॉस निवडलं की सगळ्या उपपाणलोटांचा एकच तक्ता येतो, आणि एक्सेलमधला रकाना त्यात चिकटवता येतो. चिकटवताना क्रम तपासा. एक्सेलमध्ये तुम्ही नावांनी लावलं असेल आणि तक्त्यात नदीच्या उतारानं लागलं असेल, तर आकडे एकमेकांच्या घरात जाऊन बसतात आणि कुठलीही चूक दाखवली जात नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर टूल्समधल्या प्रोग्राम सेटिंग्ज बघा. मेट्रिक आहे का, नव्या उपपाणलोटाला आपोआप कुठली पद्धत लागणार आहे, एवढं तरी. जुन्या आवृत्तीतल्या तुमच्या आवडीनिवडी इथं आल्याच असतील असं गृहीत धरू नका.

पाणलोट आता आतच आखायचं

आर्कमॅपचा निरोप घ्यायलाच हवा होता. नवी पद्धत मला मनापासून आवडते, फक्त तिच्यात पायऱ्या चुकवता येत नाहीत. एक पायरी राहिली की पुढचा पर्याय करडा दिसतो, आणि आपण समजतो सॉफ्टवेअर बिघडलं.

सुरुवात उंचीच्या नकाशापासून, म्हणजे डीईएमपासून. अमेरिकेचं एसआरटीएम असो की इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचं कार्टोडीईएम, उतरवलेली फाइल बहुतेकदा अक्षांश-रेखांशात असते. एचएमएसमध्ये आणण्याआधी क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ती मीटरमध्ये फिरवून घ्या. बडोद्यासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, सॉफ्टवेअरच्या यादीत ईपीएसजी ३२६४३. कापताना पाणलोटाच्या कडेबाहेर चार-पाच किलोमीटर जास्त ठेवा. मग कंपोनंट्समधून टेरेन डेटा तयार करा, उंचीचं एकक मीटर निवडा. पुढची पायरी सगळे विसरतात: बेसिन मॉडेलवर क्लिक करून खालच्या कंपोनंट एडिटरमध्ये टेरेन डेटाच्या खणात हे टेरेन निवडायचं. ते निवडेपर्यंत जीआयएस मेन्यू तुम्हाला ओळखत नाही.

आता क्रमानं. प्रीप्रोसेस सिंक्स खड्डे बुजवतं. प्रीप्रोसेस ड्रेनेज पाणी कुठल्या दिशेनं वाहील ते ठरवतं. आयडेंटिफाय स्ट्रीम्स किती क्षेत्र जमलं की ओढा समजायचा ते विचारतं, चौरस किलोमीटरमध्ये. मग टूलबारवरच्या ब्रेक पॉइंटच्या साधनानं ओढ्याच्या रेषेवर खूण करायची, किमान एक तरी, म्हणजे पाणलोटाचं तोंड. शेवटी डिलिनिएट एलिमेंट्स.

पावागडाच्या बाजूला हे सगळं सुरळीत होतं. डोंगर सुमारे ८०० मीटर उंच, पाणी कुठं जाणार याबद्दल संगणकाला शंका नसते. खाली शहराकडे आलात की खरी परीक्षा. इथं जमीन चाळीसेक मीटर उंचीवर सपाट पसरलेली. एसआरटीएमचे आकडे पूर्ण मीटरमध्ये असतात, त्यामुळे दोन-तीन किलोमीटर एकच आकडा दिसतो. उलट विश्वामित्री शहरातून जाते ती खोल, वळणावळणाच्या कोतरातून, जे ३० मीटरच्या चौकोनाला धड दिसत नाही. त्यात रेल्वेचा आणि महामार्गाचा भराव. डीईएमला भराव दिसतो, त्याखालची मोरी दिसत नाही. परिणाम असा की नदी भरावाला आपटून त्याच्या कडेनं भलतीकडेच निघते.

आमच्या पहिल्या प्रयत्नात तसंच झालं. कमाटीबागेतून, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या बागेतून, जाणारी नदी संगणकानं बाहेरून वळवली. काका नुसते बघत राहिले, मग म्हणाले, "सयाजीराव महाराजांना आधी विचारायला हवं होतं याने."

यावर उपाय जीआयएस मेन्यूतच आहे, टेरेन रीकंडिशनिंग. उपग्रह-चित्रावरून नदीची मध्यरेषा क्यूजीआयएसमध्ये स्वतः काढा आणि त्या रेषेवर जमीन काही मीटर खोल कोरून घ्या. हे सिंक्स बुजवण्याआधी करायचं. मोरीच्या जागीही छोटी रेषा काढून भराव फोडा. मग ओढ्यांचं जाळं उपग्रह-चित्रावर टाकून बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका, परत मागे या. या एका पायरीवर आम्ही चार दिवस घालवले आणि ते फुकट गेले असं मला वाटत नाही.

खड्डे बुजवताना गावतळीही बुजतात हे ध्यानात असू द्या. आणि आजव्यासारखा जलाशय डिलिनिएट केल्यावर आपोआप येत नाही. त्याच्या सांडव्याशी आधी ब्रेक पॉइंट द्या, नंतर तिथं रिझर्व्हॉयर स्वतः ठेवा आणि साठा-पातळीचा तक्ता त्याला जोडा. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात बांधलेलं ते धरण मॉडेलमधून विसरलात तर शहरातला पूर तुम्हाला फार लवकर आणि फार मोठा दिसेल.

आता एक सल्ला, जो काहींना पटणार नाही. जुनं, नीट कॅलिब्रेट झालेलं मॉडेल केवळ नवी सोय आली म्हणून पुन्हा आखू नका. पुन्हा आखलं की घटकांची नावं बदलतात, सबबेसिन-१, रीच-२ असं नव्यानं सुरू होतं, सीमा थोड्या हलतात, आणि जुन्या कर्व्ह नंबरचा कुठल्या तुकड्याशी संबंध होता ते कळेनासं होतं. जुनं मॉडेल जुन्या सीमांसकट नव्या आवृत्तीत चालवा. नवी आखणी नव्या कामाला.

डबे तपासताना

सगळ्यांत जास्त फसवणारा डबा म्हणजे रिकामा डबा. कर्व्ह नंबरच्या पद्धतीत सुरुवातीच्या शोषणाचा रकाना मोकळा ठेवला तर प्रोग्राम गुपचूप ०.२ पट धरतो. भारतीय जलविज्ञानात काळ्या मातीसाठी, जमीन आधीच ओली असेल तेव्हा, ०.१ पट घ्यायची पद्धत आहे. जुन्या मॉडेलमध्ये कुणीतरी ते आकडे हातानं भरलेले असतात. नव्यात तक्ता चिकटवताना तो रकाना सुटतो, आणि मॉडेल तक्रार करत नाही.

फरक किती? वरच्याच खेळण्यात, कर्व्ह नंबर ८० आणि १०० मिमी पाऊस. ०.२ नं ५०.५ मिमी वाहतं, ०.१ नं ५५.८. दहा टक्के. पण ५० मिमीच्या पावसाला ०.२ नं १३.८ आणि ०.१ नं १७.८, म्हणजे जवळपास तीस टक्के. मोठ्या पुरावर साक्ष घेतलीत तर हा चोर हातातून निसटू शकतो. म्हणून साक्षीदार दोन ठेवा, एक मोठा पाऊस आणि एक साधा.

दुसरा डबा एककांचा. एससीएसचा लॅग मिनिटांत भरायचा असतो, क्लार्क या दुसऱ्या पद्धतीतला संकेंद्रण काळ (सर्वांत लांबचं पाणी तोंडाशी यायला लागणारा वेळ) तासांत. दीड तासाचा लॅग कुणी १.५ असा टाकला तर पाणी दीड मिनिटात येतं आणि शिखर आभाळाला भिडतं. हे निदान दिसतं तरी. न दिसणारी चूक उताराची. पॅरामीटर्समध्ये कॅरेक्टरिस्टिक्स, त्यात सबबेसिन निवडलं की सर्वांत लांब प्रवाहमार्ग, पाणलोटाचा उतार वगैरे सगळं तयार मिळतं. फार छान सोय. पण उतार मीटरला मीटर असा असतो, आणि एससीएसच्या लॅगच्या सूत्राला तो टक्क्यांत लागतो. शंभरनं गुणायचं राहिलं की, उताराचं वर्गमूळ छेदात असल्यानं, लॅग दहापट होतो. शिखर चपटं पडतं, आलेख गुळगुळीत दिसतो, सगळ्यांना बरं वाटतं. लांबीही किलोमीटरमध्ये असते, सूत्राला फूट हवेत.

तिसरा, मेटिरोलॉजिक मॉडेल. नवं बेसिन मॉडेल केलंत की मेटिरोलॉजिक मॉडेलच्या बेसिन्स टॅबमध्ये जाऊन त्याच्यासमोर इन्क्लूड सबबेसिन्सला 'येस' करावं लागतं. नाही केलं तर पाऊस पडतो, पण कुणाच्याच अंगणात नाही.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. बेसिन फाइल ही साधी मजकूर-फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक उपपाणलोटाचा एक परिच्छेद दिसेल: नाव, क्षेत्रफळ, खालच्या घटकाचं नाव, मग मुरण्याची पद्धत, कर्व्ह नंबर, प्रवाहाची पद्धत, लॅग, आणि शेवटी 'एंड'. जुनी प्रत आणि बदललेली प्रत विनमर्ज या फाइली ताडून बघायच्या साधनात शेजारी लावा. नव्या आवृत्तीनं काही ओळी भर घातलेल्या असतील, काहींची जागा हलली असेल, त्याचं काही नाही. तुम्ही शोधायचं ते एकच: एखादा आकडा बदलला का, किंवा एखादी ओळ गायब आहे का. सुरुवातीच्या शोषणाची ओळ नसेल तर तिथंच दिसतं. पडद्यावरच्या पंचवीस खिडक्या उघडण्यापेक्षा हे काम पाच मिनिटांत होतं. फक्त नोटपॅडमधून बदल करून सेव्ह करण्याच्या फंदात पडू नका.

खालची पट्टी वाचा

मेसेज लॉग ओढून लहान केलेला संगणक दिसला की मला त्या माणसाच्या अहवालाबद्दल शंका येते. नोट, वॉर्निंग, एरर असे तीन प्रकार. नोट वाचल्या नाहीत तरी चालेल. एररला रन थांबतोच. वॉर्निंग मात्र एकेक वाचायची, कारण तिथं रन पुरा होतो आणि हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते. नेहमी दिसणारी एक: वेळेचा टप्पा लॅगच्या ०.२९ पटीपेक्षा मोठा आहे. लॅग २० मिनिटांचा असेल तर टप्पा ५.८ मिनिटांच्या आत हवा, म्हणजे ५ मिनिटं. शहरातल्या छोट्या नाल्यांना पंधरा मिनिटांचा टप्पा लावला की शिखर दोन टप्प्यांच्या मधेच हरवतं. साक्षीदार रनच्या वेळी जुन्या आवृत्तीच्या लॉगमधल्या वॉर्निंगही कॉपी करून ठेवा. नव्यात एखादी जास्त आली तर तिथून शोध सुरू करा.

स्वाटवाल्यांना दोन शब्द

स्वाट हे दुसरं पाणलोट-मॉडेल. त्यात आर्कस्वाटवरून क्यूस्वाट प्लस या नव्या पिढीकडे जाणाऱ्यांनी वरच्या सगळ्याची सरळ नक्कल करू नये. स्वाट प्लसमध्ये आतली रचनाच नव्यानं बांधलेली आहे, लँडस्केप युनिट नावाचा एक नवा थर मधे आला आहे आणि अ‍ॅक्सेसऐवजी एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे. जुने आकडे तंतोतंत येणार नाहीत. तिथं साक्षीदार रनचा उपयोग जुळवायला नाही, किती सरकलं ते सांगायला.

वही

आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर 'आधी कुठं होतं', उजव्या पानावर 'आता कुठं आहे'. ज्याला अडेल त्यानं शोधून लिहायचं, विचारून नाही. पहिल्या महिन्यात सोळा नोंदी झाल्या, नंतर कुणी फारसं उघडत नाही. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो की व्हिडिओ कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. ४.३ चा व्हिडिओ लावून ४.११ मध्ये बटण शोधत बसलेली दोन मुलं मी परवाच उठवली.

अहवालात आवृत्तीचा पूर्ण क्रमांक लिहा. आणि तपासणाऱ्या कचेरीकडे कुठली आवृत्ती आहे ते मॉडेल पाठवण्याआधी फोन करून विचारा. जुनी असेल तर जुनी प्रत, जुन्याच रनसकट पाठवा. नवी पाठवलीत तर तिकडे उघडणार नाही, आणि फाइल 'त्रुटी' असा शेरा घेऊन पंधरा दिवसांनी परत येईल.

वहीतली शेवटची नोंद काकांची आहे, पेन्सिलनं, त्यांच्या बारीक तिरक्या अक्षरात. डावीकडे लिहिलंय: 'ड्रेनेज लाइन, जिओएचएमएस, तिसरा मेन्यू.' उजवीकडे: 'जीआयएस, आयडेंटिफाय स्ट्रीम्स. आधी टेरेन निवडणे. कमाटीबाग तपासणे.'